सर्व्हर तलासरीला निघण्यापूर्वी

सर्व्हरवर बसवायच्या सॉफ्टवेअरच्या मूळ पॅकेजात, ते बाजारात आल्यानंतर निघालेली अपडेट्स आधीच मिसळायची आणि मग ते एकजीव झालेले पॅकेज घेऊन सर्व्हर बसवायला जायचे, या कामाला संगणकाच्या धंद्यात ‘स्लिपस्ट्रीमिंग’ म्हणतात. काम कंटाळवाणे असते. करणाऱ्याचे नाव कुठल्या कोनशिलेवर कोरले जात नाही आणि काम झाले आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. झाले नसेल तर मात्र अर्ध्या तासात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांच्या लक्षात येते.

अंधेरीच्या किंवा हिंजवडीच्या काचेच्या इमारतीत हे काम टाळले तरी खपते. तिथे इंटरनेटची जोडणी दणकट असते, वीज गेल्याचे माणसांआधी जनरेटरला कळते आणि सर्व्हर दिवसभर अपडेट्स ओढत बसला तरी त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, डहाणू आणि तलासरी तालुक्यांत, यांतली एकही सोय गृहीत धरता येत नाही. म्हणून या शास्त्राचा अभ्यास तिथून करणे फायद्याचे.

मूळ पॅकेज म्हणजे ते तयार झाले त्या दिवशीचे सॉफ्टवेअर. दुसऱ्या दिवसापासून त्यातल्या चुका सापडू लागतात. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर 2003पासून या चुकांच्या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी काढण्याचा रिवाज पाडला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात. भारतात तिकडच्या उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा. मंगळवारचा उपास सोडून माणूस आडवा झाला की अपडेट्स येतात. विंडोज सर्व्हर 2016च्या पॅकेजावरून असे शंभराहून अधिक मंगळवार गेले आहेत. सुदैवाने या आवृत्तीत दुरुस्त्या एकत्रित मिळतात. शेवटची घेतली की आधीच्या सगळ्या तिच्या पोटात असतात. पण पोट वाढत जाते. हे एकत्रित अपडेट आता दीड जीबीच्या पुढे गेले आहे.

हे दीड जीबी तलासरीत उतरवायचे आहे असे समजू. कार्यालयाला दोन एमबीपीएसची जोडणी मिळाली आणि ती पूर्ण वेळ पूर्ण वेगाने चालली, तर एका सर्व्हरला एक तास चाळीस मिनिटे लागतील. गणित बिनचूक आहे. त्याला धक्का बसतो तो जमिनीतून.

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यातून मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन जाते, मालगाड्यांचा स्वतंत्र लोहमार्ग जातो, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग जातो, विरार-डहाणू रेल्वेची तिसरी आणि चौथी मार्गिका जाते आणि हे सगळे जाईपर्यंत तिथे जेसीबी राहतो. ऑप्टिकल फायबर ही केसाएवढी बारीक काचेची तार. ती जमिनीखाली नेमकी कुठे पुरली आहे हे नकाशात शोधून सापडत नाही. जेसीबीला ती न शोधता सापडते. त्यानंतर दूरध्वनीवर मिळणारे उत्तर ठरलेले असते : “फायबर तुटलीय, माणूस निघालाय.” माणूस कुठून निघालाय हे विचारण्याची पद्धत नाही.

मग मोबाइलचा हॉटस्पॉट. तलासरीच्या पुढे आच्छाड, आच्छाडच्या पुढे गुजरात. पलीकडच्या बाजूला दादरा-नगर हवेली. टॉवरच्या लहरींना तपासणी नाका लागू नसल्यामुळे फोन कुठल्याही क्षणी सीमा ओलांडतो. इंजिनीअर महाराष्ट्रातल्या खुर्चीवर बसलेला असतो, त्याचा फोन गुजरात सर्कलमध्ये असतो आणि डाउनलोड या दोन्ही राज्यांच्या मधे कुठे तरी थांबलेला असतो. ज्या खिडकीत रेंज चांगली येते त्या खिडकीत आधीच दोन कर्मचारी आपापले फोन घेऊन उभे असतात. त्यांचे काम सर्व्हरच्या कामापेक्षा निकडीचे असते, कारण ते घरच्यांशी बोलत असतात.

विजेचा मुद्दा थोडक्यात सांगता येतो. डहाणूच्या खाडीकाठी 500 मेगावॉटचे औष्णिक केंद्र आहे आणि ते 1990च्या दशकापासून मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवते. उपनगरातला रहिवासी डहाणूची वीज जाळून डहाणूच्या लोडशेडिंगची बातमी वाचू शकतो. सर्व्हरच्या दृष्टीने यातला घातक भाग असा की, अपडेट बसत असताना वीज गेली तर तो पुन्हा सुरू होताना झालेले बदल मागे घेऊ लागतो. पडद्यावर टक्केवारी येते, गोल ठिपके फिरतात आणि ‘संगणक बंद करू नका’ अशी विनंती झळकते. ही विनंती महावितरणला उद्देशून नसल्यामुळे तिचा उपयोग होत नाही. यूपीएस असतो; त्याच्या बॅटऱ्या बदलायचा प्रस्तावही असतो.

नोव्हेंबर 2018पासून या भागात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा धुंदलवाडीच्या परिसरातल्या माणसांनी थंडीच्या रात्री तंबूत काढल्या. रॅक भिंतीला बोल्टने आवळावा ही सूचना सॉफ्टवेअरच्या कुठल्याही पुस्तिकेत नसते. इथे ती पहिल्या पानावर हवी.

याच डहाणू तालुक्यात, कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे अशा हाताशी असलेल्या वस्तूंतून बालशिक्षणाची साधने उभी केली. मिळेल त्यावर भागवण्याची ती परंपरा थोर आहे, पण सर्व्हरला ती लागू पडत नाही. चिंचोक्यांवर त्याचे भागत नाही. त्याला ठरावीक क्रमांकाचीच फाइल लागते आणि ती त्या गावात मिळत नाही. जे लागेल ते घरूनच न्यावे लागते.

अपडेट्स नंतर सवडीने घेऊ, असे म्हणणाऱ्यांसाठी 2003 सालचे उदाहरण पुरेसे आहे. त्या वर्षी 16 जुलैला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका भगदाडाची दुरुस्ती काढली आणि 11 ऑगस्टला त्याच भगदाडातून शिरणारा ‘ब्लास्टर’ नावाचा किडा जगभर पसरला. ज्यांनी त्या काळात जुन्या सीडीवरून नवा संगणक बसवला, त्यांची गंमत झाली. दुरुस्ती उतरवायची तर इंटरनेट जोडावे लागे आणि इंटरनेट जोडले की दुरुस्ती पूर्ण उतरायच्या आत किडा येई. पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू होई आणि संगणक बंद पडे. औषधाच्या दुकानाची वाट रोग्यांच्या रांगेतूनच जात होती. अपडेट्स मिसळलेली सीडी ज्याच्याजवळ होती तो तेवढा वाचला आणि पुढचे काही आठवडे शेजाऱ्यापाजाऱ्यांत भलताच लोकप्रिय झाला.

याहून मोठा प्रसंग महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर घडला. 27 जून 2017 रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा व्हायरस जगभर सुटला आणि त्यात मर्स्क ही जहाज कंपनी सापडली. उरणजवळ न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले एक टर्मिनल मर्स्क समूहाच्या ताब्यात होते. त्याचे कामकाज ठप्प झाले. कोपनहेगनमध्ये सर्व्हर मेला म्हणून न्हावाशेव्याला कंटेनर जागचा हलेना. या व्हायरसने पसरण्यासाठी जी वाट वापरली तिच्यातली एक बंद करणारे अपडेट 14 मार्चलाच निघाले होते. दुसरी वाट चोरलेल्या पासवर्डांची होती, तिला अपडेटचा इलाज नव्हता. आणि हा व्हायरस पहिल्यांदा बाहेर पडला तो युक्रेनमधल्या एम.ई.डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. म्हणजे ज्यांनी अपडेट घेतले नाही ते बुडाले आणि ज्यांनी भलते अपडेट घेतले ते आधी बुडाले. या शास्त्रात सरसकट सल्ला देणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे.

मर्स्कने पुढे 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक दहा दिवसांत नव्याने उभे केले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी 2018मध्ये दावोसला सांगितले. एकेका यंत्रावर मूळ डीव्हीडी लावून मग शंभर अपडेट्स उतरवत बसले असते तर तो आकडा दहा महिन्यांचा झाला असता. पण डहाणूकरांना जवळची वाटेल अशी गोष्ट वेगळीच आहे. कंपनीचे सगळे डोमेन कंट्रोलर, म्हणजे कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला नाही याची वही ठेवणारे सर्व्हर, एकाच वेळी पुसले गेले होते. जगभर शोधाशोध केल्यावर एक शाबूत सापडला, तो घानात. त्या दिवशी हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. सर्व्हर बंद, म्हणून व्हायरसला सापडला नाही. आता तिथला विदा इंग्लंडला पाठवायचा, तर घानाची जोडणी इतकी बारीक की कित्येक दिवस लागले असते. घानातल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी एकाने हार्ड डिस्क घेऊन विमानाने नायजेरिया गाठले, तिथल्या विमानतळावर ती दुसऱ्याच्या हाती दिली आणि दुसऱ्याने ती लंडनला नेली. जगातल्या सर्वांत मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एक अशा रीतीने भारनियमनामुळे आणि पिशवीतल्या डिस्कमुळे तरली. तलासरीच्या कुठल्याही संगणक ऑपरेटरला या दोन्ही तंत्रांचा दांडगा अनुभव असतो. त्याला दावोसला कोणी बोलावत नाही, एवढेच.

ऑगस्ट 2024मध्ये पायाभरणी झालेले वाढवणचे बंदर याच डहाणू तालुक्यात उभे राहायचे आहे आणि ते बांधणाऱ्या कंपनीत 74 टक्के वाटा न्हावाशेव्याच्या त्याच बंदर प्राधिकरणाचा आहे. बंदर हवे की नको यावर किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचे म्हणणे स्वतंत्र आहे आणि ते त्यांनी वर्षानुवर्षे रस्त्यावर येऊन मांडले आहे. सर्व्हरपुरते पाहायचे तर डहाणूत येणाऱ्या पॅकेजांची संख्या वाढणार आहे, जेसीबींचीही.

आता प्रत्यक्ष कृतीकडे. विंडोज एनटी 4.0च्या काळी मिसळण्याची सोयच नव्हती. आधी सीडीवरून मूळ प्रणाली बसवायची, मग सर्व्हिस पॅक, म्हणजे दुरुस्त्यांचा गठ्ठा, चढवायचा. त्यानंतर एखादा घटक नव्याने हवा झाला की सीडी पुन्हा घालायची. सीडी आपल्याजवळचा जुनाच माल काढून देई आणि दुरुस्त झालेल्या फायलींच्या शेजारी न दुरुस्त झालेल्या येऊन बसत. म्हणून सर्व्हिस पॅक पुन्हा चढवायचा. कसलेला माणूस दर वेळी निमूटपणे चढवी. नवखा कारण विचारी. विंडोज 2000 आले तेव्हा एका आज्ञेसरशी सर्व्हिस पॅक थेट मूळ फायलींच्या संचात उतरवण्याची सोय झाली आणि स्लिपस्ट्रीमिंग हा शब्द रूढ झाला.

त्या काळातली खरी परीक्षा फ्लॉपीची होती. सर्व्हरची हार्ड डिस्क ज्या कार्डाला जोडलेली असे त्याचा ड्रायव्हर सीडीवर नसेल, तर स्थापना सुरू होताना पडद्याच्या तळाशी काही सेकंद ‘एफ6 दाबा’ अशी ओळ येई. ती ओळ दिसेपर्यंत माणसाने चष्मा पुसलेला असावा लागे. दाबलेच, तर यंत्र ड्रायव्हर मागे आणि तो फ्लॉपीवरच मागे. सर्व्हर बनवणाऱ्यांनी तोवर फ्लॉपीचा खण काढून टाकलेला. मग गावभर फ्लॉपी ड्राइव्ह शोधणे आले. ती एखाद्या बंद पडलेल्या संगणकात मिळे, फ्लॉपी त्याच संगणकाच्या टेबलाखाली मिळे आणि तिच्यावर बुरशी मिळे. ड्रायव्हरही पॅकेजातच मिसळावेत हा धडा संगणक क्षेत्राने असा गावोगाव फिरून घेतला.

हल्लीची पद्धत कागदावर सोपी आहे. विंडोज सर्व्हरची सगळी प्रणाली ‘इन्स्टॉल डॉट विम’ नावाच्या एका भल्या मोठ्या फाइलीत बसवलेली असते. ‘डिझम’ नावाचे हत्यार ती फाइल एका रिकाम्या फोल्डरात उघडते. याला माउंट करणे म्हणतात. मग तिच्यात अपडेट घालायचे, ड्रायव्हर घालायचे आणि बदल कायम करून फाइल बंद करायची. शेवटच्या पायरीला ‘कमिट’ असा शब्द लिहायचा असतो. त्याच जागी ‘डिस्कार्ड’ लिहिले तर तासभराची मेहनत विनातक्रार फेकून दिली जाते आणि काम यशस्वी झाल्याचा संदेश येतो. संदेश खोटा नसतो. फेकण्याचे काम यशस्वी झालेलेच असते.

क्रम चुकवून चालत नाही. 2016च्या आवृत्तीत अपडेट बसवणाऱ्या यंत्रणेचेच एक अपडेट असते, ते आधी घालावे लागते. नाही तर मोठे अपडेट आत जायला नकार देते आणि नकाराचे कारण आठ आकड्यांत सांगते. भाषा किंवा नवा घटक घालायचा तर तोही मोठ्या अपडेटच्या आधी. मागाहून घातला तर मोठे अपडेट पुन्हा द्यावे लागते, म्हणजे एनटी 4.0चे भूत अजून पुरते गेलेले नाही.

त्याहून फसवी गोष्ट अशी की, ही एक फाइल दिसत असली तरी तिच्यात एकापेक्षा अधिक प्रणाली असतात. 2019च्या आवृत्तीत चार आहेत : स्टँडर्ड आणि डेटासेंटर, आणि दोन्ही पडद्यासह किंवा पडद्याविना. अपडेट ज्या क्रमांकात घातले त्याच क्रमांकात जाते. घाईचा माणूस दुसऱ्या क्रमांकात अपडेट घालतो आणि जागेवर गेल्यावर चौथा बसवतो. त्याहून घाईचा माणूस यादी न वाचता ‘पुढे’ दाबतो. यादीत सर्वांत वर पडद्याविनाची आवृत्ती असते, त्यामुळे स्थापना संपल्यावर त्याच्यासमोर काळी चौकट आणि तीत लुकलुकणारी एक रेघ एवढेच उरते. जमलेले कर्मचारी आदराने पाहतात. हे फार उच्च प्रतीचे सॉफ्टवेअर असावे असा त्यांचा समज होतो आणि तो काही वेळ तरी दूर केला जात नाही.

तिसरा सापळा आकाराचा. अद्ययावत केलेली फाइल फुगते आणि चार जीबीची मर्यादा ओलांडते. ज्या पद्धतीने पेनड्राइव्ह फॉरमॅट केला की बहुतेक सर्व्हर त्यावरून सुरू होतात, ती फॅट32 पद्धत चार जीबीपेक्षा मोठी फाइल ठेवूनच घेत नाही. यावर उपाय म्हणून फाइलीचे तुकडे करता येतात. स्थापना कार्यक्रमाला तुकडे चालतात. आत साचलेला जुना गाळ काढून फाइल बारीक करण्याचीही आज्ञा आहे. पण ही अडचण पेनड्राइव्हवर कॉपी करताना, म्हणजे विरारची गाडी पकडायला वीस मिनिटे उरलेली असताना कळते, तेव्हा उपाय आठवत नाही.

प्रणालीवर बसणाऱ्या सॉफ्टवेअरची कथा थोडी सुसह्य आहे. ईमेल सांभाळणाऱ्या एक्स्चेंज 2007ने ‘अपडेट्स’ नावाचे फोल्डर दिले : त्यात दुरुस्तीची फाइल ठेवा, स्थापना करताना ती आपोआप उचलली जाईल. एकच ठेवा, असे बजावले होते; लोकांनी सगळ्या ठेवल्या, कारण रिकामे फोल्डर भरण्याची माणसाला आवड असते. 2013पासून एक्स्चेंजने प्रत्येक एकत्रित अपडेट हेच पूर्ण पॅकेज करून टाकले आणि तो प्रश्न मिटवला. एसक्यूएल सर्व्हरने 2008च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून मिसळण्याची सोय दिली आणि 2012पासून अपडेट्सचा पत्ता सांगितला की पुरते. डेबियन लिनक्सवाले तर साधारण दर दोन महिन्यांनी सगळ्या दुरुस्त्या घातलेला नवा संच स्वतःच काढतात आणि त्याचा गाजावाजाही करत नाहीत. सज्जनांबद्दल लिहिण्यासारखे फारसे नसते.

मिसळून तयार झालेल्या नमुन्याला ‘गोल्डन इमेज’ म्हणतात आणि तिच्याबाबत डहाणूइतका जाणता तालुका शोधून सापडणार नाही. चिंचणी-वरोरच्या पट्ट्यात सोन्याचांदीच्या दागिन्यांचे डाय कोरण्याचा घरगुती धंदा आहे. पोलादाच्या तुकड्यावर नक्षी कोरायची. त्या डायवर पत्रा ठोकला की दागिन्याची नक्षी उठते, पुन्हा पुन्हा, तंतोतंत. फुलाची एक पाकळी वाकडी कोरली गेली तर तालुक्यातल्या सगळ्या सुना वाकड्या पाकळीच्या बांगड्या घालून मिरवतील. म्हणून डायवाला आधी एक ठसा काढून भिंगाखाली धरतो. इमेजवाल्याने हेच करायचे असते : पॅकेज एका रिकाम्या यंत्रावर बसवून पाहायचे, दोन वेळा बंद-चालू करायचे, मग बाहेर काढायचे. डायवाला हे रोज करतो. इमेजवाला ‘तसं काही होत नाही’ म्हणतो.

काय होते ते 11 जानेवारी 2022च्या मंगळवारी दिसले. त्या दिवसाच्या अपडेट्सनी जगभरचे अनेक डोमेन कंट्रोलर आपोआप बंद-चालू, बंद-चालू होऊ लागले. दुरुस्तीची दुरुस्ती 17 तारखेला आली. 19 जुलै 2024ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे 85 लाख विंडोज संगणक निळे पाडले आणि भारतातल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. म्हणून जाणकार दुसऱ्या मंगळवारची अपडेट्स बुधवारी मिसळत नाहीत. ते आठवडाभर थांबतात आणि तोवर उतावळ्यांचे काय झाले ते वाचतात. उतावळ्यांच्या जिवावर चालणारी ही पद्धत नैतिकदृष्ट्या विशेष नाही, पण विश्वासार्ह आहे. थांबायचेही फार नाही. पाचव्या आठवड्यापर्यंत पुढचा मंगळवार येऊन ठेपतो आणि पॅकेज पुन्हा शिळे.

फाइलीच्या नावात तारीख असावी. हे सर्वांना मान्य असते आणि प्रत्यक्षात पेनड्राइव्हवर ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नवीन 2’ आणि ‘हेच वापरा’ अशा चार फायली असतात. ‘हेच वापरा’ ही सहसा सर्वांत जुनी असते. फाइल मूळ प्रतीशी तंतोतंत जुळते की नाही हे तपासायला तिचा हॅश, म्हणजे चौसष्ट अक्षरांचा ठसा, काढतात. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरे जुळली की माणूस समाधान पावतो. मधली छप्पन्न श्रद्धेवर सोडलेली असतात.

वाहतूक. एप्रिल 2013पासून मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत येते. चर्चगेटहून निघालेल्या माणसाच्या खिशात 64 जीबीचा भरलेला पेनड्राइव्ह असेल आणि प्रवासाला तीन तास लागले, तर तो माणूस सेकंदाला सत्तेचाळीस मेगाबिट वेगाने विदा वाहून नेत असतो. दोन एमबीपीएसच्या जोडणीपेक्षा पश्चिम रेल्वे जवळपास चोवीस पट वेगवान ठरते, तीही सेकंड क्लासच्या तिकिटात. जोखीम फक्त विरारला असते. तिथे उतरणाऱ्यांच्या लोंढ्यात खिशासकट माणूस उतरवला जाऊ शकतो. दोन पेनड्राइव्ह दोन वेगळ्या खिशांत ठेवण्याचा नियम म्हणूनच आहे. डहाणू रोडहून तलासरीला पुढे एसटी किंवा ईको. रस्त्याने यायचे तर चैत्री पौर्णिमेनंतरचा पंधरवडा टाळलेला बरा. तेव्हा विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा असते आणि चारोटीजवळ महामार्गाचा वेग तलासरीच्या इंटरनेटइतका होतो.

पोचल्यावर पहिले काम सर्व्हर रूम उघडण्याचे. “चावी भाऊसाहेबांकडे आहे,” शिपाई सांगतो, “आणि भाऊसाहेब पंचनाम्याला गेलेत.” भाऊसाहेब येतात, खोली उघडते. आत सर्व्हर असतो, लाल रुमालात बांधलेले जुने दप्तर असते, स्वातंत्र्यदिनाची रांगोळी असते, दोन मोडक्या खुर्च्या असतात आणि एसी असतो, ज्याचा रिमोट साहेबांच्या खोलीत असतो, कारण तो त्यांच्याही एसीला चालतो. नेटवर्कची वायर काढून ठेवायची. पेनड्राइव्ह लावायचा. यादी नीट वाचून योग्य क्रमांक निवडायचा. चहा येतो. चहा संपतो तोवर मूळ प्रणाली, तिच्यावरच्या शंभर मंगळवारांच्या दुरुस्त्या आणि कार्डाचा ड्रायव्हर एकदमच बसलेले असतात, कारण ते वेगवेगळे उरलेलेच नसतात. आवृत्तीचा क्रमांक तपासायचा, फायरवॉल सुरू आहे याची खात्री करायची, मग वायर जोडायची. पॅकेज बनवल्यानंतरच्या आठवड्यात निघालेले एखादे किरकोळ अपडेट राहिले असेल ते आता उतरवायचे. तेवढे दोन एमबीपीएसला झेपते.

यात एक अडचण आहे. इतक्या लवकर काम उरकले की कार्यालयाला ते काम वाटत नाही. ज्या इंजिनीअरने तीन दिवस मुक्काम ठोकला, चार वेळा फॉरमॅट केले, मुंबईला फोन लावून आरडाओरडा केला आणि रविवारी दुपारी एकदाचा सर्व्हर चालू केला, त्याचे नाव तालुक्यात निघते. त्याला निघताना घोलवडच्या चिकूची पेटी मिळते. पॅकेज तयार करून आणणाऱ्याला “झालं? एवढंच होतं का?” असे विचारतात आणि मग प्रिंटर दाखवतात.

शेवटची पायरी नोंदीची. सर्व्हर जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढवला जातो : खरेदीचा दिनांक, किंमत, नग एक. पेनड्राइव्ह जडवस्तू की उपभोग्य वस्तू यावर मतभेद असल्यामुळे तो पेन्सिलीने लिहिला जातो. अपडेट्सना रकाना नाही. इमेज कोणत्या तारखेपर्यंतची आहे हे म्हणून शेऱ्याच्या रकान्यात लिहावे, नाही तर सर्व्हरच्या अंगावर चिठ्ठी चिकटवावी. चिठ्ठी चिकटवताना पंख्याची जाळी झाकली जाणार नाही असे पाहावे. जुना पेनड्राइव्ह त्याच दिवशी पुसून टाकावा. तसाच खणात ठेवला तर दोन वर्षांनी सर्व्हर बंद पडल्यावर तोच आधी हाताला लागतो आणि ‘हेच वापरा’ ही फाइल पुन्हा वापरली जाते.